हळदीला उघड्या अंगानं बसायचं कसं?

पत्राचा सारांश: पत्रलेखक २८ वर्षांचा आहे. नवी मुंबईतल्या एका गावठाणात घर, महापे एमआयडीसीत नोकरी. लग्न ठरलंय, माघातली तिथी निघाली आहे. वयात येताना त्याची छाती पुढे आली ती तशीच राहिली. शाळेत पीटीच्या सरांनी सगळ्या वर्गासमोर त्यावर विनोद केला आणि पुढे तेच त्याचं टोपणनाव झालं. तेव्हापासून शर्टाच्या आत घट्ट बनियन असतं, अगदी मे महिन्यातही. खांदे पुढे झुकवून चालतो. लोकलमध्ये बॅग पुढे लावतो, कारण तिथे सगळेच लावतात आणि कुणाला काही कळत नाही. खाडीकाठचा असून, उत्तम पोहता येत असून, कित्येक वर्षांत पाण्यात उतरलेला नाही. आता हळदीला सगळ्या गावासमोर उघड्या अंगानं बसायचंय, वर व्हिडिओवाला आणि ड्रोन. जिममधल्या ट्रेनरनं इंजेक्शनं आणि गोळ्यांचा बारा आठवड्यांचा ‘कोर्स’ सुचवलाय. एक मित्र ऑपरेशन कर म्हणतो. होणाऱ्या बायकोला यातलं काही माहीत नाही. कोर्स घेऊ का, ऑपरेशन हळदीआधी उरकू का आणि तिला सांगू का, हे त्याचे तीन प्रश्न. शेवटी लिहिलंय, ‘पुरुषासारखा पुरुष असून असलं पत्र लिहितोय, हसू नका.’

नमस्कार,

हसले नाही. हसणारे तुम्हाला शाळेतच पुरेसे भेटले आहेत.

उत्तराची सुरुवात इंजेक्शनापासून करते, कारण बाकी सगळं आठ दिवसांनी ठरवलं तरी चालेल, हे चालणार नाही. घेऊ नका. एकही नको, ‘फक्त लग्नापुरतं’सुद्धा नको. जिममध्ये ज्याला कोर्स किंवा सायकल म्हणतात ती बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉनची किंवा त्याच्या जातकुळीतली औषधं असतात. बाहेरून असं जास्तीचं टेस्टोस्टेरॉन आलं की शरीर त्यातल्या काही भागाचं इस्ट्रोजेन करतं, आणि इस्ट्रोजेननं वाढते ती नेमकी स्तनाची ग्रंथी. म्हणजे जे घालवायला तुम्ही इंजेक्शन घेणार, तेच त्यानं वाढण्याची शक्यता आहे. जिमवाल्यांना हे ठाऊक असतं, म्हणून तर ते सोबत उतारा म्हणून आणखी गोळ्या देतात. दुसरं असं की बाहेरून मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवणं थांबवतं. वृषण आकसतात, शुक्रजंतूंची संख्या घसरते, काहींची शून्यावर जाते, आणि कोर्स बंद केल्यावर ती पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. बंद केल्यानंतरच्या त्या दिवसांत इच्छा मरते, मन खचतं. तुमच्या हिशेबात हे दिवस लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यांत येतात. शिवाय रक्त दाट होणं, रक्तदाब वाढणं, हृदयावर ताण येणं आहेच. कायद्यानं ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, ट्रेनरच्या कपाटातून तर नाहीच नाही. त्याला सांगा, मी फी भरलीय ती व्यायामाची. त्यानं पुन्हा विषय काढला तर जिम बदला. घणसोलीपासून नेरुळपर्यंत जिमची टंचाई नाही.

आता छातीबद्दल. तुम्ही पत्रभर तिला ‘ते’ म्हटलंय, एकदाही नाव घेतलेलं नाही. वैद्यकात याला गायनेकोमास्टिया म्हणतात आणि ही अगदी रोजच्या ओपीडीतली गोष्ट आहे. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांच्या छातीत बोंडाखाली अशी गाठ येते, कारण त्या वयात हार्मोन्सचं प्रमाण वरखाली होत असतं. बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जिरते. काहींची राहते. तुमच्या वर्गातल्या हसणाऱ्यांपैकीही कित्येकांच्या शर्टाआड त्या वेळी हेच चाललं असणार. त्यांचं जिरलं, तुमचं राहिलं. यात तुमचा दोष नाही, खाण्याचा नाही आणि पुरुषपणाचा तर अजिबातच नाही.

मोठ्या वयात पुढे आलेल्या छातीत कधी खरी ग्रंथी असते, कधी नुसती चरबी, कधी दोन्ही. आरशात बघून हे कळत नाही. डॉक्टरांना हातानं तपासून बहुतेकदा कळतं, शंका असली तर सोनोग्राफी करतात. चरबी असेल तर एकंदर वजन उतरेल तशी तीही काहीशी उतरते. ग्रंथी असेल तर ती डाएटनं किंवा दंडबैठकांनी जात नाही. बेंच प्रेसनं वाढतो तो तिच्या खालचा स्नायू, त्यामुळे काहींना छाती उलट जास्तच पुढे आल्यासारखी वाटते. तुम्ही लिहिलंय की वर्षभर छातीचाच व्यायाम केला, रात्रीची भाकरी सोडली, तरी फरक नाही. फरक पडणारच नव्हता. आणि ती भाकरी सोडल्यावर साडेअकराला फरसाणाचा डबा उघडतो, त्याची लाज स्वतंत्र वाटते, हेही तुम्हीच लिहिलंय. जेवणाविना ठेवलेलं शरीर रात्री हेच करतं, त्यात तुमच्या निश्चयाचा काही संबंध नाही. भाकरी परत सुरू करा.

तेव्हा आधी डॉक्टर. फॅमिली डॉक्टर गावातलाच आहे, सगळ्यांना ओळखतो, म्हणून त्याच्याकडे जायचं नसेल तर नका जाऊ. वाशीच्या महापालिका रुग्णालयाची सर्जरीची ओपीडी आहे, पुढे लागलंच तर सायन किंवा केईएमला प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. जाताना कुठली औषधं घेता ते लिहून न्या, केस गळू नयेत म्हणून घेतलेल्या गोळ्यासुद्धा, कारण काही औषधांनी छाती वाढते. दारू किती हेही खरं सांगा. गरज वाटली तर ते थायरॉइड, यकृत आणि हार्मोन्सच्या तपासण्या सांगतील. एकाच बाजूला कडक गाठ, बोंडातून रक्त किंवा पाणी, कातडी आत ओढली जाणं, वृषणात गाठ, यातलं काहीही असेल तर मात्र याच आठवड्यात जा. स्तनाच्या कर्करोगात पुरुषांचं प्रमाण सुमारे १ टक्का असतं, म्हणजे तो विरळाच. पण जे पुरुष लाजेपायी दाखवायला जात नाहीत, त्यांचा उशिरा सापडतो.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. ‘आहे तसं शरीर स्वीकारा’ असं म्हणून लोकांना ऑपरेशनपासून परावृत्त करणं मला पटत नाही, ते म्हणणाऱ्याला फार सोपं असतं. पंधरा वर्षं एखादी ग्रंथी माणसाला कपड्यांत कोंडून ठेवत असेल तर ती काढणं हा रास्त निर्णय होऊ शकतो. पण हळदीची तारीख धरून तो घेऊ नका. आता कार्तिक चाललाय, माघाला तीनेक महिने आहेत. त्यात तपासण्या, सर्जनची वेळ, ऑपरेशन, मग काही आठवडे दाबून बसणारं खास जॅकेट. सूज पूर्ण उतरायला महिने जातात. मध्येच रक्त साकळलं, एक बाजू थोडी वेगळी दिसली, बोंडाच्या आसपास बधिरपणा राहिला, तर तुम्ही पाटावर बसाल ते आणखी एक नवी काळजी घेऊन. बहुतेक विमा कंपन्या याला सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया धरून पैसे नाकारतात, तेव्हा लग्नाच्या खर्चात हाही खर्च. सर्जनला आत्ता भेटा, निर्णय पावसाळ्यापर्यंत लांबवा. तेव्हाही हवंसं वाटलं तर करा. सर्जनला सरळ विचारायचं: माझ्यात ग्रंथी किती, चरबी किती, व्रण कुठे येईल, बिघडलं तर काय करता. ‘शंभर टक्के परफेक्ट’ म्हणणाऱ्याकडून उठून या.

इथपर्यंत सोपं होतं. खरी अडचण पुढे आहे. उद्या ऑपरेशन होऊन छाती सपाट झाली, तरी पंधरा वर्षांची झाकायची सवय सर्जन काढू शकत नाही.

ही सवय कशी पोसली जाते ते बघा. मित्र भिवपुरीच्या धबधब्याला निघाले, तुम्ही पोट बिघडल्याचं सांगितलं. त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. मनानं त्यातून धडा घेतला तो असा: गेलो असतो तर भयंकर काहीतरी झालं असतं, न गेल्यामुळे वाचलो. पुढच्या वेळी भीती थोडी मोठी. असं करत करत पाणी गेलं, टी-शर्ट गेले, भाच्याला खांद्यावर घेणं गेलं, कारण तो शर्ट ओढतो. आणि इतक्या वर्षांत एकदाही ती भयंकर गोष्ट खरोखर होते का, हे तपासायची संधी तुम्ही स्वतःला दिली नाही. पीटीच्या सरांनी जो निकाल दिला तो एका कंटाळलेल्या माणसाचा विनोद होता. तुम्ही तो अजून पाळताय.

आरशाचंही तसंच. रात्री सगळे झोपल्यावर बाथरूममध्ये बाजूनं फोटो काढता, मागच्या महिन्याच्या फोटोशी ताडून बघता. शरीराचा एकच तुकडा रोज इतक्या जवळून बघितला तर कुणाचाही तो तुकडा मोठा दिसू लागतो. करून बघायचं असेल तर आठ दिवस स्वतःच्या नाकाचे फोटो काढा. जुने फोटो पुसून टाका, नवे काढू नका. पहिले काही दिवस हात शिवशिवतील. आरशात बघायचं ते दाढी करायला आणि भांग पाडायला.

तुमच्या पत्रात एक वाक्य होतं, ‘पुरुषाची छाती कशी असावी हे सगळ्यांना माहीत असतं.’ खरंच माहीत असतं का? आपल्याकडे आखाड्यातला पैलवान पोटासकट पैलवान असायचा. भरलेली छाती, सुटलेलं पोट, जाड मान. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव बुटके आणि हलक्या वजनाचे. त्यांना कुणी पोटावरचे चौकोन मोजायला सांगितलं नव्हतं. ते चौकोन हिंदी सिनेमाच्या नायकाला सक्तीचे झाले ते गेल्या वीसेक वर्षांत. त्यातही शूटिंगआधी पाणी तोडायचं, वरून लाइट मारायचा, मग जिमच्या भिंतीवर पोस्टर. अमेरिकेत हॅरिसन पोप नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये मुलांच्या खेळण्यातल्या सैनिक बाहुल्यांची मापं घेतली. १९६० च्या दशकातला बाहुला साधारण धडधाकट माणसासारखा होता. १९९० च्या दशकातला तोच बाहुला माणसाच्या उंचीचा केला तर त्याचे दंड कुठल्याही बॉडीबिल्डरपेक्षा जाड निघाले. तीस वर्षांत मुलग्यांची शरीरं बदलली नाहीत, बाहुला बदलला. बायकांच्या बाबतीत हे आपण निदान बोलतो तरी. पुरुषांना बोलायला जागाच नाही, म्हणून ते ट्रेनरच्या कपाटापाशी जातात.

‘कुणी बघत नाही हो तुमच्याकडे’ असं सांगण्याची पद्धत आहे. त्याला थोडा आधारही आहे. अमेरिकेतल्याच एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाजिरवाणा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं. त्यांचा अंदाज होता की निम्म्या लोकांनी शर्टावरचं चित्र पाहिलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलं होतं. ऑफिसात, लोकलमध्ये, जिममध्ये तुम्हाला हे लागू आहे. हळदीला नाही. हळदीला नवरदेवाकडे सगळं गाव बघतं, त्यासाठीच तर येतं.

म्हणून हळदीबद्दल वेगळं बोलू. तुमच्या गावातली मागची एखादी हळद आठवा. पाटावर बसलेला नवरदेव पहिल्या दहा मिनिटांत कपाळापासून पायापर्यंत पिवळा होतो, धवलारणीचे धवले, म्हणजे लग्नातली गाणी, चाललेले असतात, आत्या-मामींची लावायला झुंबड उडते, आणि बेंजो सुरू झाला की पाहुण्यांचं लक्ष मांडवापेक्षा नाचण्यात आणि जेवणात. त्या नाचात उघडेबंब काका-मामा असतात, पोटं सुटलेली, छात्या लोंबलेल्या, शर्ट कमरेला बांधलेला. त्यांच्यातल्या कुणाची छाती कशी होती हे तुम्हाला आठवतं? तुमची पारख तर याबाबतीत गावात सगळ्यात तिखट असणार. तुम्हालाही आठवत नसेल तर बाकीच्यांना काय आठवणार?

तरीही, बनियन घालून बसायचं असेल तर बसा. हल्ली कित्येक नवरदेव बनियन किंवा पातळ कुर्ता घालून बसतात, हळद हातापायांना, तोंडाला, पाठीला लागते, विधीचं काही अडत नाही. आईला किंवा मोठ्या आत्याला आधी एकदा सांगून ठेवा म्हणजे ऐनवेळी कुणी ‘काढ रे ते’ म्हणून ओढणार नाही. व्हिडिओवाल्यालाही सांगता येतं, जवळून घेऊ नकोस, ड्रोन जेवणावळीवर फिरव. पैसे तुमचे आहेत. मी आग्रह धरेन तो एवढाच की बनियन साधं, सैल, सुती असावं, ते घट्ट बांधणारं नको. घट्ट बनियनवर हळद आणि घाम म्हणजे रात्रभर खाज. आणि बसायचं कसं हे भीतीनं आदल्या रात्री ठरवू नका, आत्ता ठरवा.

आत्ता ठरवण्यासाठी हे तीन महिने वापरा. घरात संध्याकाळी वडील उघडे बसतात ना ओटीवर? आधी आपल्या खोलीत, मग घरात, पंधरा-वीस मिनिटं तसं बसा. छाती धडधडेल, ती धडधड थोड्या वेळानं आपोआप उतरते. उतरेपर्यंत उठायचं नाही, एवढाच नियम. मग भावासमोर. मग ऑफिसला एक दिवस सैल शर्ट, आत साधं बनियन. मग ट्रान्सहार्बरच्या गाडीत बॅग रॅकवर, तुमच्या स्टेशनपर्यंत. शेवटी पाणी. तलावावर नको वाटलं तर तरणतलावाची सकाळची पहिली बॅच घ्या, त्या वेळी बहुतेक साठीचे लोक असतात आणि ते एकमेकांच्या गुडघ्यांबद्दल बोलत असतात. आवडणारी गोष्ट परत मिळेल हा त्यातला मोठा फायदा. व्यायामाला पोहण्यासारखं दुसरं काही नाही आणि त्याचा छातीच्या मापाशी संबंध नाही. एखादी पायरी जमली नाही तर तिथेच आठवडाभर थांबा.

एका गोष्टीकडे मात्र मला दुर्लक्ष करायचं नाही. रोज दोन-दोन तास याच विचारात जातात, रात्री झोप लागत नाही, आणि एका ठिकाणी तुम्ही ‘लग्नच मोडावं वाटतं’ असं लिहिलंय. शरीरातल्या एखाद्या गोष्टीचा विचार दिवसाचा तासाहून जास्त वेळ खात असेल, कामं अडवत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवावं. याला उपचार आहेत, बोलण्याचे आणि गरज पडली तर गोळ्यांचेही, आणि ते लागू पडतात. ऑपरेशनआधी दाखवलेलं तर फारच चांगलं. ज्यांचं दुःख मनातल्या प्रतिमेशी बांधलेलं असतं त्यांना ऑपरेशननंतरही समाधान मिळत नाही, ते दुसऱ्या जागी दोष शोधू लागतात. ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) सारखी संस्था १९९० पासून हेच काम करते आहे, तिथे मराठीत बोलता येतं. नाव-गाव न सांगता आधी नुसतं बोलायचं असेल तर टेलीमानस ही सरकारी सेवा आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास.

हे वाचणाऱ्या आईवडिलांना मध्येच दोन शब्द. सातवी-आठवीतला मुलगा एकाएकी सैल शर्ट मागू लागला, पोहायला नको म्हणू लागला, तर ‘पोरगी आहेस का’ म्हणू नका. हे पुष्कळांना होतं, बहुतेकांचं जातं, असं त्याला एकदा नीट सांगा आणि हवं तर डॉक्टरांना दाखवा. पीटीच्या शिक्षकांनी संघ पाडताना एका संघाला शर्ट काढायला लावू नये, रंगीत पट्ट्या स्वस्त मिळतात. आणि पाहुण्यांनी घरात पाऊल टाकल्या टाकल्या ‘सुटलायस रे’ म्हणायची प्रथा बंद केली तर कुणाचं काही बिघडणार नाही.

उरला होणाऱ्या बायकोचा प्रश्न. तुम्ही तिला फसवताय असं मला वाटत नाही. छातीत ग्रंथी असणं हे लग्नाआधी जाहीर करायचं व्यंग नाही, संसाराला, मुलं होण्याला त्यानं सहसा बाधा येत नाही, आणि कारण काही वेगळं असलंच तर ते तपासणीत कळेल. न सांगता लग्न केलंत तरी तुम्ही खोटारडे ठरत नाही. पण मग पहिल्या रात्री दिवा मालवायचा, दुसऱ्या रात्री मालवायचा, बनियन कधी काढायचं याचं गणित करत राहायचं. तिला वाटेल, हा माझ्यापासून लांब का पळतो, माझ्यातच काही कमी आहे का? म्हणून माझं मत, सांगा. डॉक्टरांना भेटून आल्यावर सांगा, म्हणजे तुमच्याकडे भीतीबरोबर थोडी माहितीही असेल. घरच्यांसोबत खरेदीच्या गर्दीत नको, दोघंच असाल तेव्हा, वाशीच्या सागर विहारला नाहीतर नेरुळच्या तलावाकाठी चालताना. चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे अवघड गोष्टी बोलता येतात. कबुलीजबाब देतोय असा सूर नको. ‘माझ्या छातीत लहानपणापासून ग्रंथी वाढलेली आहे, डॉक्टरांना दाखवलंय, धोका काही नाही. शाळेत फार चिडवायचे म्हणून मला उघडं व्हायला लाज वाटते. हळदीचं टेन्शन आलंय.’ एवढं बास. परवानगी मागू नका आणि लगेच उत्तरही मागू नका.

ती हसली तर वाईट वाटेल, पण पहिलं हसू गोंधळाचं असू शकतं, दोन दिवस जाऊ द्या. दोन दिवसांनीही ती टिंगलच करत राहिली तर तेही तुम्हाला माघाआधी कळलेलं बरं. माझा अंदाज वेगळा आहे. तिच्या घरीही लग्नाची गडबड सुरू असणार, पार्लरचं पॅकेज ठरलं असणार, कुणी तिला चार किलो उतरव म्हणत असेल, कुणी उन्हात जाऊ नकोस म्हणत असेल. तुमचं सांगून झालं की तिला विचारा, तुझ्यामागे काय लावलंय घरच्यांनी? मग थोडा वेळ तिचं ऐका.